डोमाजी काकाजींची उजळणी

पट संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेजारच्या घरी गंजभर चहा उकळत असायचा आणि तो कुणालाच मिळायचा नाही. अंगणात पंचवीस-तीस माणसं उकिडवी बसलेली, थंडीनं नाकं लाल झालेली, चहाचा वास थेट नाकात, पण कप कुणाच्या हातात नाही! जनाकाकी दर पाच मिनिटांनी आतून ओरडायची, "आवो, झालं का तुमचं? चहाचा काढा होऊन राहिला!" आणि बाहेरून डोमाजी काकाजी तितक्याच वेळा म्हणायचे, "थांब वो. अखीन एकच दौड रायली."

एक कधीच राहिलेली नसायची. सात-आठ राहिलेल्या असायच्या.

थांबा, मी नेहमीसारखी मधूनच सुरू झाले. टायपिंगच्या क्लासातले सर म्हणतात, कुंदाबाई, तुमची बोटं तुमच्या तोंडासारखीच पळतात, मधले शब्द गाळून. पण मी शब्द गाळते, गोष्ट गाळत नाही. काहून गाळत नाही, ते शेवटी कळेलच.

तर आमचं गाव एकोडी, साकोली तालुक्यातलं. धान कापून, मळून झालं, शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्याकडे शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. शेजारी शेजारी दोन पट्ट्या आखायच्या, दोन जोड्या एकदम सोडायच्या, आणि शेवटच्या रेषेवर पंच उभा. डाव्या पट्टीची जोडी आधी आली तर पांढरी झेंडी, उजवीची आली तर लाल. दोन दिवस हेच. घरोघर पाहुणे, घरोघर पोहे, आणि पोरीबाळींची लग्नंसुद्धा ह्याच दोन दिवसांत बोलली जातात. आणि पैजा! पैजेशिवाय पट म्हणजे मिठाशिवाय भाजी.

आमच्या गावची पैज लावायची रीत अशी की नुसतं तोंडानं बोलून चालत नसे. काहीतरी खूण पंचाच्या घरी आणून ठेवायची. कुणी अडकित्ता ठेवायचा, कुणी दुपट्टा, कुणी बैलाची घंटा. सगळ्या खुणा काकाजींच्या ओट्यावर एका पोत्यावर मांडलेल्या. आणि पट झाल्यावर दुसऱ्या सकाळी उजळणी. एकेक दौड आठवून आठवून पुन्हा बोलायची, कोण कुठं होतं, कोण आधी आलं. उजळणी पूर्ण झाल्याशिवाय कुणी आपली खूण उचलायची नाही आणि तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा नाही. झेंडी दाखवून झाली की निकाल पक्का. तो बदलायचाच तर फक्त पंचानं, स्वतःच्या तोंडानं, आणि तेही उजळणीतच. तिथून उठला की संपलं.

अठरा वर्षं डोमाजी काकाजी आमचे पंच होते आणि अठरा वर्षांत त्यांनी एकही झेंडी खाली घेतली नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, असा माणूस म्हणजे मोठा रुबाबदार असेल, मिशीला पीळ वगैरे. छे हो! काडीसारखा माणूस, आणि काळजी म्हणाल तर पोतंभर. बस दहाला असली तर आठला स्टँडवर. घराची कडी लावायची, चार पावलं जायचं, परत येऊन कडी ओढून बघायची, पुन्हा चार पावलं. काकी म्हणायची, "कडी तुटून जाईन एक दिवस तुमच्या हातानं, मंग मोकळ्या दारानं चोर येतीन." पटाच्या आधी दोन दिवस जेवण बंद. पहाटे उठून दोन्ही पट्ट्यांवर अनवाणी चालायचे, पायाला खडा लागला की उचलून कमरेच्या ओच्यात टाकायचे. परत येईपर्यंत ओच्यात एवढे खडे, की काकी विचारायची, "आज कायची भाजी करू, ह्याचीच का?"

आणि उजळणीत त्यांचं एकच वाक्य. दोन्ही झेंड्या मांडीवर आडव्या, डोळे अर्धे मिटलेले, आणि समोरच्याला विचारायचं, "सांग पाहू, तुले काय दिसलं?"

प्रत्येकाला. अगदी हरलेल्याला आधी. तो सांगायचा, हे मान हलवायचे. दुसऱ्याला विचारायचे. तिसऱ्याला. लोक म्हणायचे, काय माणूस आहे बघा, स्वतः रेषेवर उभा होता तरी पोराटोरांचंही ऐकून घेतो. मलाही तेच वाटायचं. आम्हाला किती मोठेपणाचं वाटायचं ते!

एका वर्षीची गंमत सांगते. गावातले दोघे साडभाऊ, कायम एकमेकांच्या वरचढ. त्यांनी पैज लावली की हरेल त्यानं जिंकलेल्याच्या घरी महिनाभर विहिरीचं पाणी भरायचं. खूण म्हणून दोघांनी आपापल्या बायकांच्या चुंबळी आणून ठेवल्या होत्या! उजळणीत त्यांची दौड आली. काकाजींनी पहिल्याला विचारलं, तो म्हणाला, "मी जिंकलो जी." दुसऱ्याला विचारलं, तोही म्हणाला, "मी जिंकलो." भांडण पेटलं, दुपट्टे निघाले, आणि काकाजींनी शांतपणे विचारलं, "तुयी जोडी कोनती?"

"सावरबांध्याची."

"आन् तुयी?"

"सावरबांध्याचीच!"

पैजेच्या भरात दोघांनीही एकाच जोडीवर पैज लावली होती! अंगणातली माणसं लोळायची बाकी राहिली. काकाजी मात्र हसले नाहीत, त्यांना काळजी पडली. "तुमी दोघंही खरं बोलून राहिले," ते म्हणाले, "मंग पानी भरन कोन, मी?" मग पुष्कळ विचार करून त्यांनी सांगितलं की पंधरा दिवस ह्यानं त्याच्या घरी भरावं, पंधरा दिवस त्यानं ह्याच्या घरी. महिनाभर दोन मिशाळ बाप्ये डोक्यावर घागर घेऊन समोरासमोरून जायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत. आम्ही बाया मुद्दाम ओट्यावर येऊन बसायचो.

आता ती चपलांची गोष्ट.

रोज दुपारी मी काकाजींना पेपर वाचून दाखवायची. दोन वर्षं. का, तर त्यांचा चष्मा सापडत नव्हता. दोन वर्षं चष्मा सापडत नाही म्हणजे काय, हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? नाही पडला. मी वाचत सुटायची, मला वाचायला आवडायचं. एकदा साकोलीच्या बाजारातून मी नव्या चपला आणल्या, कडक टाचेच्या, टक टक वाजणाऱ्या. घालून मिरवत मिरवत गेले त्यांच्या ओट्यावर. भर दुपार, लख्ख ऊन. मी अगदी हातभर अंतरावर उभी. आणि काकाजी गडबडीनं उठून उभे राहिले, हात जोडले, म्हणाले, "या मास्तरीनबाई, बसा."

शाळेच्या बाईंच्या चपला तशाच वाजायच्या.

मी हसले. "काकाजी, मी कुंदा."

त्यांचा चेहरा असा उतरला, की माझं हसू तोंडातच राहिलं. मी दोन बोटं त्यांच्या तोंडासमोर धरली. विचारलं, "किती?"

"पोरी," ते म्हणाले, "तुयी परीक्षा नोको घेऊ."

खाली बसले. मग हळूहळू सांगितलं. मोतीबिंदू. तीन वर्षं झाली होती. सकाळच्या धुक्यातून दिसावं तसं सगळं पांढरं पांढरं, त्यात काहीतरी हललेलं कळतं, बस. काकीलाही पूर्ण ठाऊक नव्हतं.

"मंग झेंडी कशी दाखवता जी?"

"कानानं."

मला कळेना. ते म्हणाले, रेषा ओलांडली की प्रत्येक धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, आरोळी मारतो, ही पटाची रीत. आणि प्रत्येकाची आरोळी वेगळी. कुणाची जाड, कुणाची फाटकी. आमच्या गावच्या झिबलची तर अशी लांब, वर चढत जाणारी, की तळ्यावरचे बगळे उडायचे. कुठल्या पट्टीवर कुणाची जोडी ते सुटायच्या आधी भोंग्यावर सांगतातच. कोणती जोडी कोण हाकतो ते काकाजींना पाठ. ज्याची आरोळी आधी, त्याची झेंडी. "डोयापेक्षा कान पक्का असते," ते म्हणाले, पण म्हणताना बोटं नुसती दुपट्ट्याचा काठ चोळत होती.

आणि मग मला ते कळलं! उजळणीतलं ते वाक्य. तुले काय दिसलं. तो मोठेपणा नव्हता हो. ते आपली एकेक झेंडी दुसऱ्यांच्या डोळ्यांनी तपासून घेत होते. गेली तीन वर्षं, तासन् तास, चहा उकळत ठेवून.

मी म्हटलं, भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर होतं, चला. तर म्हणे, "पट्टी बांधून महिनाभर पडून राहा लागते. पट निंगून जाईन. यंदाचा होऊ दे." भीतीही होती, तीन वेळा विचारलं, "डोया बाहीर काढतेत का वो?" आणि मग माझा हात धरून म्हणाले, "कोनाले सांगू नोको, कुंदे. मागच्या साऱ्या पैजा उकरून काढतीन लोक. लेकीच्या सासरापावतर जाईन गोष्ट."

माझ्यासारखीला गुपित द्यायचं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. पट येईपर्यंत मी नीट झोपले नाही. पण सांगितलं नाही कुणाला. खरंच नाही.

पट आला. पहिला दिवस सुखरूप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर होते, आणि तिथं झिबलचं आणि फागोजींचं भांडण झालं. फागोजी म्हणजे आमच्या गावच्या जोडीचे मालक, मोठं घर, मोठा आवाज. झिबल सात वर्षं त्यांची जोडी हाकायचा. फागोजींचं म्हणणं, आज शेवटची दौड आहे, काठीला आर लाव, म्हणजे खिळा, आणि टोच. झिबल म्हणाला, "मी बैलाले रक्त काहाडत नाई जी." फागोजी म्हणाले, "मंग उतर छकड्यावरून!" झिबल उतरला. उतरून सरळ श्रावणजींकडे गेला.

हे श्रावणजी लाखांदूरकडचे, हळू बोलणारे. शेवटची दौड त्यांच्या आणि फागोजींच्याच जोडीत होती. आणि ह्या दोघांची पैज अशी, की हरणाऱ्यानं आपल्या जोडीतला डावा बैल द्यायचा. पोत्यावर दोघांनी बैलाचे कासरे आणून ठेवले होते. श्रावणजींचा डावा बैल चांद्या. त्याची आई मेल्यावर त्यांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. फागोजींनी भर चौकात डिवचलं म्हणून ते पैजेत अडकले होते. आदल्या रात्रीच्या जेवणातला भात त्यांनी अर्धा ठेवून दिला आणि सकाळी चांद्याला भरवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

झिबल श्रावणजींच्या छकड्यावर गेला, ही बातमी मी घरी येऊन आईला सांगितली. जनाकाकीला सांगितली. धुणं धुताना आणखी चार जणींना सांगितली. काकाजींना नाही सांगितली.

ते धुतलेलं धोतर नेसत होते, दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. मला वाटलं, आता भांडणाबिंडणाचं सांगून ह्यांच्या काळजीत कशाला भर घालू? इतकंच. आणि बाकी कुणी काहून सांगेल? सगळ्यांना दिसतच होतं ना!

संध्याकाळी पटावरून एवढी मोठी आरोळी आली की घरातली भांडी वाजली. मग कळलं, लाल झेंडी. उजवी पट्टी. फागोजींची जोडी जिंकली. दोन्ही जोड्या अगदी नाकाला नाक आल्या होत्या म्हणे, धूळ तर विचारूच नका, अर्धे लोक म्हणत होते हा, अर्धे म्हणत होते तो. लाखांदूरकडची दोन-तीन पोरं कुजबुजली, "पंचाच्या गावची जोडी म्हनून." श्रावणजींनीच त्यांना गप्प केलं. "पंचानं दाखोली ना? मंग झालं."

काकाजी घरी आले, समाधानानं हातपाय धुतले. "मोठ्या आवाजात आला झिबल्या," एवढंच म्हणाले. माझ्या हातातला तांब्या तिथंच राहिला. कारण झिबल... मी तोंड उघडलं, तेवढ्यात पाहुणे आत आले. मग जेवणं, मग गर्दी. मी स्वतःला समजावलं, की त्यांना कुणीतरी सांगितलंच असेल. असेलच. किती वेळा समजावलं असेल, मोजता येणार नाही.

सकाळी उजळणी. मी आणि काकी दाराच्या आड, चुलीवर चहा. एकेक दौड होत होती. मी प्रत्येकीला मनात म्हणत होते, हळू चाला रे, शेवटच्या दौडीपर्यंत पोचूच नका.

पोचले.

काकाजींनी झेंड्या सारख्या केल्या, आणि हरलेल्याला आधी म्हणून विचारलं, "श्रावनजी, सांगा पाहू, तुमाले काय दिसलं?"

"मले काई नाई दिसलं जी," श्रावणजी म्हणाले. "मी चांद्याकडंच पाहून राहिलो होतो. धूळ नुसती धूळ. झिबलची आरोळी आयकू आली, वाटलं आलो आपुन. मंग पाह्यलं तं लाल झेंडी."

"झिबलची आरोळी आयकून तुमाले काहून वाटलं?" काकाजींनी विचारलं. अजून त्यांच्या आवाजात काही नव्हतं.

"आता माया छकड्यावर तोच तं होता."

काकाजींचं डोकं हळूच वर आलं.

"झिबल? तुमच्या छकड्यावर?"

कुणीतरी हसलं. "काकाजी, अख्ख्या पटानं पाह्यलं! सकायीच फागोजीशी बिनसलं ना त्याचं. दोन तास तुमच्या समोरून फिरून राहिला तो!"

"हो का," काकाजी म्हणाले.

मग झिबलला विचारलं. झिबल म्हणाला, "आरडलो जी मी, रेषेवर. नेहमीसारखाच." फागोजींच्या नव्या धुरकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मीपन आरडलो. पन झिबल्याच्या मांगून." म्हणाला आणि जीभ चावली, कारण फागोजी त्याच्याकडे बघत होते.

काकाजी उठले. "पानी पिऊन येतो," म्हणाले, आणि अंगणात एकदम शांत झालं, कारण उजळणी अर्धी टाकून पंच पाणी प्यायला उठला, असं कधी झालं नव्हतं. आत आले. कोठीला हात लावत लावत चालले. माझ्यासमोर थांबले. त्यांना मी दिसत नव्हते, पण मी तिथं आहे हे ठाऊक होतं.

"कुंदे, तुले मालूम होतं?"

मी रडायला लागले. तेच उत्तर.

"बरं," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर किती बरं झालं असतं! उलट माझ्या डोक्याच्या अंदाजानं हात पुढं केला, तो खांद्यावर पडला. पाणी प्यायले नाहीत, बाहेर गेले.

बसले नाहीत. उभ्यानंच मांडीवरची, म्हणजे आता हातातली, लाल झेंडी खाली ठेवली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. आणि पांढरी वर धरली. मग वाकून पोत्यावरचे दोन्ही कासरे चाचपले. श्रावणजींचा जुना, मऊ पडलेला. तो बोटांना बरोबर सापडला. तो त्यांनी पुढं केला.

"श्रावनजी, तुमी जिंकले."

फागोजी ताडकन् उठले. "काहून? काल तं लाल दाखोली!"

"चुकलो."

आता इथं श्रावणजी काय म्हणाले बघा. कासरा हातात घेतला नाही, आधी म्हणाले, "धूळ होती जी लय. कोनालेच दिसलं नसन." म्हणजे त्यांनी वाट काढून दिली होती. काकाजींनी नुसतं हो म्हणायचं होतं. एक झेंडी चुकली, धुळीनं चुकली, कुणाची चुकत नाही! मी आतून मनात ओरडत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"धूळ नोयती," काकाजी म्हणाले. "म्हंजे होती. पन मले तसंही दिसत नाई. तीन वर्सं झाले. मी आरोळीवर झेंडी दाखवतो."

मागं चुलीवर चहा उतू गेला. काकी हलली नाही. तिचा हात तोंडावर होता.

मग जो गलका झाला! फागोजी ओरडत होते, "तीन वर्सं आमाले येडं बनवलं?" कुणी म्हणालं, साऱ्याच झेंड्या खोट्या. कुणी म्हणालं, मागच्या वर्षीचंही काढा. तेव्हा कोपऱ्यातला एक म्हातारा बोलला, "मागच्या वर्सी मी बोकड हरलो होतो. तुमी खाल्ला. आता तो उठून येते का रे?" आणि त्या तसल्या वेळी लोक हसले. काकाजी हसले नाहीत. म्हणाले, "यंदाच्या साऱ्या दौडी पयल्यापासून बोला. तुमाले काय दिसलं ते तुमी सांगा, मले काय आयकू आलं ते मी सांगतो. जिथं फरक निंगन, तिथं झेंडी खाली."

आणि बोलले! दोन्ही दिवसांच्या सगळ्या. ऊन डोक्यावर आलं. कुणी उठलं नाही. काकाजी उभेच. प्रत्येक दौडीला आधी तेच सांगायचे, कुणाची आरोळी आधी आली, तिच्या मागून किती वेळानं दुसरी. मग लोक सांगायचे. मी दाराची चौकट धरून मोजत होते. एका दौडीत वाद निघाला, तर हरलेलाच म्हणाला, "नाई गा, मी हरलोच होतो, खोटं काहून बोलू." बाकी कुठंही फरक निघाला नाही. फक्त ती एक. झिबलची.

फागोजींनी आपला कासरा स्वतः उचलला आणि श्रावणजींच्या पुढ्यात टाकला. "घेऊन जाय. पटाचा बोल आहे." श्रावणजींनी घेतला. घेतला तो बरोबरच घेतला, पैज होती. काकाजींनी दोन्ही झेंड्या गुंडाळून फागोजींकडे दिल्या, "पुढच्या वर्सी कोनाले द्याच्या ते तुमी पाहा." मग काकीनं चहा दिला. काळाकुट्ट, कडू. सगळ्यांनी मुकाट प्यायला.

फागोजी वर्षभर काकाजींशी बोलले नाहीत. आमच्या दारावरून त्यांचा शेताचा रस्ता, तर तळ्याला वळसा घालून जायचे. काकाजींना रोज त्याची काळजी. "आज पानी झालं, तळ्याकडून घसरन तो," असं म्हणत दारात बसायचे.

मी त्यांची माफी मागितली, दहादा तरी. ते म्हणायचे, "तू काळजी केली माई, म्हनून नाई सांगितलं. मीबी काळजीच केली, म्हनून नाई सांगितलं. जाऊ दे आता."

पाऊस सरल्यावर भंडाऱ्याला जाऊन दोन्ही डोळे करून आले, पण चष्मा पटापर्यंत मिळाला नाही, तोवर सगळं पुसटच. पुढचा पट आला. पंच नवा, तरुण, चांगल्या डोळ्यांचा. काकाजी गेलेच नाहीत बघायला, घरात सामान बांधत होते. लेक नाकाडोंगरीला, ती दोघांना न्यायला आली होती. मी मात्र गेले. पहिल्यांदाच. रेषेजवळच्या बैलगाडीत चढून बसले आणि डोळे फाडून पाहिलं.

दुसऱ्या सकाळी मला भंडाऱ्याच्या बसनं क्लासला जायचं होतं. काकाजींची बस दहाची, आणि हे आठपासून स्टँडवर! काकी आणि लेक गाठोड्यांवर टेकलेल्या, आणि काकाजी उभे, डोळ्यांवर लेकीनं कालच आणून दिलेला, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. मला बघून हसतील म्हणून मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि मान वळवली, अनोळखी पोरीकडून वळवावी तशी.

मला आधी लागलं. मग कळलं. मी पंधरा-सोळाची असताना त्यांचे डोळे गेले होते. हा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता!

मी मागं गेले, आणि चालत आले. टक टक टक. त्यांनी डोळे मिटले.

"कुंदा," ते म्हणाले. मग डोळे उघडून पुन्हा बघितलं. "एवढी मोठी झाली?"

त्यानंतर ते मला दिसले नाहीत. पुढच्या पावसात लेकीकडेच वारले. पण त्या सकाळी त्यांची बस आधी आली. खिडकीशी बसले, कडी नीट लागली का म्हणून काकीला दोनदा विचारलं, आणि मग खाली वाकून मला हळूच म्हणाले, जसं काही कुणी ऐकायला नको,

"काल शेवटची दौड पाह्यली का?"

"पाह्यली जी."

"सांग पाहू. तुले काय दिसलं?"

आणि मी सांगितलं. सगळं. कुठल्या पट्टीवर कोण, छकड्यावर कोण, आदल्या दिवशीही तोच होता का, कुणाचं कुणाशी बिनसलं होतं, कुणाच्या पायाला चिंधी बांधलेली होती, बैलांची तोंडं कशी होती, कोण आधी आरडलं, धूळ कुठून उडाली, फागोजी कुठं उभे होते आणि काकाजींच्या घराकडे कितीदा वळून बघत होते. बस सुरू झाली. मी बाजूनं चालत सांगत होते. ते मान हलवत होते, डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर आडवे.

"अखीन?" ते म्हणाले.

मी पळायला लागले.